भोंग्याच्या तावडीतून एक दिवस

शनिवारी रात्री उपनगरांकडे धावणाऱ्या लोकलमधील गर्दीचा चेहरा इतर दिवसांपेक्षा निराळा असतो. उद्या रविवार आहे, एवढेच त्याचे कारण. कॅलेंडरवरचा हा लाल आकडा ऊन-पावसासारखा आपोआप आलेला आहे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. सरकारी कचेऱ्या इंग्रजी अमदानीत रविवारी बंद असत हे खरे. परंतु मुंबईच्या कापड गिरण्यांत साच्यांसमोर उभ्या असलेल्या माणसाला त्या सुट्टीचा स्पर्श नव्हता. त्याच्यासाठी रविवार मागावा लागला, सहा वर्षे मागत राहावा लागला आणि तो मिळाल्यावरही मागणीचा अर्धा भाग शिल्लकच राहिला. ही मागणी मांडणारे गृहस्थ गिरणीतलेच एक पगारदार नोकर होते. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे नाव.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, माळी समाजातले. घरची परिस्थिती बेताची. ठाण्यातच त्यांचे शालेय शिक्षण झाले आणि त्या काळच्या शिकलेल्या गरीब तरुणाप्रमाणे त्यांनी सरकारी नोकरीची वाट धरली. आधी रेल्वे, मग टपाल खाते, असा प्रवास करीत ते मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून दाखल झाले.

ही नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. स्टोअरकीपर हा कारकुनांत मोडणारा माणूस. तो साच्यावर उभा राहत नाही. मात्र गिरणीच्या सर्व खात्यांशी त्याचा रोजचा संबंध येतो. कोणत्या खात्यातला माणूस आज आला नाही, कोणाचा हात पट्ट्यात सापडला, जॉबरने कोणाला दाराबाहेर काढले, हे त्याच्या कानावर आल्यावाचून राहत नाही. पुढे लोखंडे यांनी सरकारी आयोगांपुढे आणि आपल्या वृत्तपत्रातून जे मांडले, त्याला या काळातल्या निरीक्षणाचा आधार होता.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. त्यानंतरच्या तीस वर्षांत ताडदेव, भायखळा, परळ या भागांत धुरांड्यांची रांग उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसे येत गेली. शेतीतल्या कामाला ऋतू असतो, दुपारची सावली असते आणि सणावाराला बैलांनाही विश्रांती मिळते. गिरणीत यातले काही नव्हते. तेथे दिवस उजाडण्यावर सुरू होई आणि मावळण्यावर संपे. विजेचे दिवे अद्याप आलेले नसल्याने सूर्य हाच गिरणीचा घड्याळजी होता. परिणामी थंडीत कामाचा दिवस अकरा तासांच्या आसपास आणि उन्हाळ्यात तेरा तासांहून अधिक होई. दुपारी जेवणासाठी गिरणी थांबत असे असेही सर्वत्र नव्हते. साचा चालू ठेवून, शेजाऱ्याला त्याकडे लक्ष द्यायला सांगून, पिंजलेल्या कापसाच्या धुळीतच चार घास पोटात ढकलण्याची पद्धत पडून गेलेली होती.

या दिवसाच्या दोन्ही टोकांना घर होते. पहाटेच्या भोंग्याआधी भाकरी थापून व्हायची असेल, तर चूल मध्यरात्रीनंतर काही तासांतच पेटवावी लागे. जिच्या नवऱ्याबरोबर ती स्वतःही रिळाच्या खात्यात कामाला जात असेल, तिचा दिवस त्याच्याहून आधी सुरू होई आणि उशिरा संपे. सूत गुंडाळण्याच्या त्या खात्यात बायकांची संख्या मोठी असे. काम नगावर मोजले जाई, देखरेखीला नायकीण असे. तान्ह्या मुलाला खात्यात टोपलीत निजवून काम करणाऱ्या बायाही होत्या. मोठी मुले सात-आठ वर्षांची झाली की तीही गिरणीतच येत. घर एकत्र असे ते गिरणीच्या आवारात; चाळीतल्या खोलीत ते केवळ झोपण्यापुरते जमत असे.

सुट्टीचा प्रकारही विचित्र होता. वर्षातून पंधराएक दिवस सणांचे म्हणून गिरण्या बंद राहत. काही गिरण्या अधूनमधून रविवारी बंद ठेवल्या जात, पण त्या दिवशी यंत्रांची साफसफाई करायला माणसांना बोलावले जाई आणि अर्धा दिवस त्यातच जाई. आजारपणाने खाडा झाला तर एका दिवसाबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याचा प्रघात काही ठिकाणी होता. पगारही महिना संपताच हाती पडत नसे. तो एक-दीड महिना मागे ठेवला जाई. तोवर वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे व्याज चालूच. काम सोडून गावी जावे, तर अडकलेला पगार बुडण्याची भीती. कामाच्या तासांचा प्रश्न आणि पगाराच्या तारखेचा प्रश्न हे लोखंडे यांनी नेहमी एकत्र मांडले, त्याचे कारण हेच असावे.

लोखंडे यांची वैचारिक घडण महात्मा जोतीराव फुले यांच्या सहवासात झाली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. मुंबईत त्या समाजाचे काम ज्यांनी उचलले, त्यांत लोखंडे अग्रभागी होते. कामाठीपुरा परिसरातील तेलुगू समाजातले कंत्राटदार व व्यावसायिक यांचा सत्यशोधकांना मोठा आधार होता. हे सांगायला हवे, कारण मुंबईतील कामगार चळवळीची सुरुवात केवळ मराठी माणसांच्या बळावर झालेली नाही. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक आर्थिक अडचणीत सापडल्यावर १८८० मध्ये मुंबईत आले, ते या मित्रमंडळींच्या पाठबळाने. संपादक झाले लोखंडे. गिरणीतील नोकरी मागे पडली आणि अखेरपर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, हे पत्र त्यांनी चालविले.

गुरू-शिष्याचे नाते मात्र सदैव गुळगुळीत नव्हते. फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधु’त छापल्यानंतर लोखंडे यांनी पुढची थांबविली. सरकारचा रोष ओढवेल, ही धास्ती त्यामागे असावी. फुले यांनी आपली नाराजी लपविली नाही. लोखंडे यांच्या स्वभावाचा हा धागा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ते बंडखोर वक्ते नव्हते. अर्ज, सभा, सह्या, साक्षी आणि पुन्हा अर्ज, ही त्यांची रीत होती. संप पुकारून गिरण्या बंद पाडणारा पुढारी म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर हाती काही लागत नाही.

१८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. या मुलांना महिन्यातून चार सुट्ट्याही मिळाल्या. प्रौढ पुरुष आणि स्त्रियांबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हते. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला सुट्टी आणि त्याच्या आईला कामावर जाणे भाग, अशी स्थिती निर्माण झाली.

कायद्यात सुधारणा करावी काय, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला. लोखंडे यांनी ही संधी साधली. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा जायबंदी झाल्यास उपजीविकेची सोय मिळावी.

आजच्या वाचकाला यातील तिसरी मागणी चमत्कारिक वाटेल. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे जूनमध्ये बारा तासांहून अधिक काम. आठ तासांची घोषणा युरोप-अमेरिकेत दुमदुमत असताना मुंबईचा कामगार बारा तासांची भीक मागत होता, असे कोणी म्हणू शकेल. परंतु त्या अर्जातील साडेसहा या आकड्याकडे नीट पाहिले तर त्यामागचे घर दिसते. पहाटेच्या अंधारात गिरणीच्या दारात उभे राहण्याऐवजी उजाडल्यावर निघता आले, तर चूल तासभर उशिरा पेटेल, मुले उठलेली दिसतील. मागणी लहान होती, पण ज्यांच्या घरातून ती आली त्यांना ती लहान वाटत नसणार.

याच सुमारास लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी राहिली. भारतातील पहिली कामगार संघटना म्हणून तिचा उल्लेख होतो. तिला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते. त्यामुळे तिला आजच्या अर्थाने युनियन म्हणावे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मतभेद रास्तच आहेत. मात्र ज्या शहरात कामगाराच्या वतीने सरकारशी बोलणारे कोणीच नव्हते, तेथे एक नाव आणि त्या नावाने जाणारे पत्र यालाही काही किंमत असते.

विरोध अपेक्षेप्रमाणे गिरणीमालकांकडून आला. परंतु लोखंडे यांना अधिक बोचला असेल, तो दुसऱ्या बाजूचा विरोध. लँकेशायरच्या कापड कारखानदारांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा डाचत होती आणि हिंदुस्थानात कामाचे तास कमी करणारे कडक कायदे व्हावेत म्हणून ते ब्रिटिश पार्लमेंटमध्ये खटपट करीत होते. ही गोष्ट खोटी नव्हती. त्यामुळे कारखाना कायद्याची प्रत्येक मागणी म्हणजे मँचेस्टरचा डाव, असे समीकरण देशी वृत्तपत्रांनी मांडले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांसारखी राष्ट्रीय बाण्याची पत्रेही या कायद्याच्या विरोधात उभी राहिली. देशी उद्योगाचा गळा घोटला जाईल, ही त्यांची भीती होती. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या पारशी गृहस्थांनी १८७८ मध्येच कायद्याचा मसुदा तयार केला होता. त्यांनाही या टीकेतून सूट मिळाली नाही.

लोखंडे यांची भूमिका या गदारोळात सरळ होती. लँकेशायरचा हेतू काय आहे, याने परळच्या चाळीतील माणसाचा थकवा कमी-जास्त होत नाही. दुसऱ्याच्या स्वार्थातून का होईना, कायदा होत असेल तर तो व्हावा, असे त्यांचे धोरण राहिले. या व्यवहारवादाची त्यांना किंमत मोजावी लागली. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात त्यांना दीर्घकाळ जागा मिळाली नाही, याचे एक कारण येथे सापडते.

१८८४च्या अर्जातून लगेच काही निष्पन्न झाले नाही. आयोगाने अहवाल दिला आणि कायदा होता तसाच राहिला. लोखंडे लिहीत राहिले. त्यांचे लक्ष केवळ गिरणीपुरते नव्हते. १८९० मध्ये विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईतील नाभिकांनी सभा घेऊन या कामावर बहिष्कार घालण्याचा निश्चय केला. त्या प्रयत्नामागेही सत्यशोधकांची, विशेषतः लोखंडे यांची प्रेरणा होती. एखादी रूढी मोडायची तर ती ज्यांच्या हातांनी चालते, त्या हातांनीच थांबावे, ही कल्पना त्यांना गिरणीच्या वातावरणात सुचली असल्यास नवल नाही.

त्याच वर्षी रविवारचा प्रश्न पुन्हा धसाला लागला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीजवळ रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले. त्या काळाच्या मानाने ही गर्दी अपूर्व होती. त्याहून अपूर्व गोष्ट अशी, की या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या बाईने दहा हजार पुरुषांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडावे, ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी होती. आठवड्याच्या सुट्टीची मागणी करणारा अर्ज सभेत संमत होऊन गिरणीमालक संघाकडे गेला.

रविवारच का, याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून लोखंडे यांनी तो निवडला, असे म्हणतात. देशावरून आलेल्या कामगारांना हा वार जवळचा होता हे निश्चित. तथापि, कचेऱ्या आणि बँका त्या दिवशी बंद असत, मालकांना तो सोयीचा होता, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच वारी जुळून आल्या, असे म्हणणे अधिक सुरक्षित.

१० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. मालकांना अचानक पाझर फुटला असे नव्हे. गिरणीत माणसे टिकत नव्हती, गावी गेलेला माणूस परतण्याची खात्री नव्हती आणि सरकारने त्याच वर्षी नवा आयोग नेमून कायद्याची तयारी चालविली होती. हवा ओळखून दिलेली ही सुट्टी होती. या नव्या आयोगावर मुंबईच्या कामगारांच्या बाजूने सहयोगी सदस्य म्हणून लोखंडे यांची नेमणूक झाली. एकेकाळच्या स्टोअरकीपरला साक्षीदाराच्या खुर्चीतून उठून आयोगाच्या बाजूला बसण्याचा मान मिळाला. गुरुवर्य फुले यांचे त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला निधन झाले.

१८९१च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायदेशीर केली. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तासांची मर्यादा मिळाली. स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा ठरला. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र कोणतीही मर्यादा आली नाही. साडेसहा ते सूर्यास्त ही मागणी कागदावरच राहिली. आठवडा सुधारला, दिवस होता तसाच राहिला. लोखंडे यांच्या चरित्राचे मूल्यमापन करताना पहिल्या वाक्यावर भर दिला जातो. दुसरे वाक्य बहुधा गाळले जाते.

पुढची काही वर्षे धामधुमीची गेली. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली आणि गिरणी कामगारही तिच्यात ओढले गेले. कामगार एकमेकांच्या जिवावर उठले तर बाकी सारे व्यर्थ, हे जाणून लोखंडे यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांचा एकोप्याचा मेळावा घडवून आणला. या कार्याबद्दल सरकारने त्यांना १८९५ मध्ये रावबहादूर ही पदवी दिली. पदवीनंतरही अर्ज लिहिणे थांबले नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. लोखंडे यांच्या गिरणी-नोकरीच्या नावाशी जोडलेला हाच तो भाग. डिसेंबर-जानेवारीत मुंबई अक्षरशः ओस पडू लागली. कामगार गावाकडे पळाले. एरवी दीड महिना पगार अडकवून ठेवणारे मालक आता माणूस मिळावा म्हणून रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले. रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांसाठी बोली लागू लागली. पंधरा तारखेच्या आत पगार द्या, ही १८८४ची विनंती ज्यांना परवडत नव्हती, त्यांना मृत्यूच्या छायेत दररोजचा पगार परवडला.

लोखंडे यांना हे दृश्य फार दिवस पाहता आले नाही. जे पळू शकले नाहीत, त्यांच्यासाठी रुग्णालय उभारण्याच्या कामात ते गुंतले होते. रुग्णसेवा करतानाच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्याआधी, त्यांचा अंत झाला. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले यांनाही याच साथीने, अशाच सेवेत नेले. लोखंडे यांच्यामागे त्यांची संघटना टिकली नाही. एका माणसाच्या लेखणीवर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर संपली, हा तिचा दोष मान्य करावाच लागेल.

त्यानंतर काही वर्षांत गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्त ही अखेरची सीमाही गेली. १९०५च्या सुमारास काही गिरण्यांत चौदा-पंधरा तास काम चालू लागले आणि कामगारांत मोठा असंतोष पसरला. ना. म. जोशी, सी. के. बोले यांच्या पिढीने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाचा दिवस प्रथमच बारा तासांवर बांधला. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न तास आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तास, अशी ती रेषा खाली येत गेली. १९४८च्या कारखाना कायद्यात दिवसाची मर्यादा नऊ तासांची होती. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम ठेवून कारखान्यांतील दिवसाची मर्यादा बारा तासांपर्यंत वाढविण्यास मंजुरी दिली. आकडा १९११चा आहे.

लोखंडे यांच्या चरित्राची साधने विखुरलेली होती. मनोहर कदम यांनी ती जमवून त्यांचे चरित्र सिद्ध केले, तेव्हा मराठी वाचकांना हा माणूस नीट भेटला. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने, म्हणजे ज्या खात्यात त्यांनी तरुणपणी नोकरी केली त्याच खात्याने, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परळमध्ये, सुपारीबागेतील त्या सभांच्या परिसरात, राज्य सरकारची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे. कामगार कायदे शिकणारे विद्यार्थी तेथे येतात. आजूबाजूच्या गिरण्यांची धुरांडी बहुतेक गेली असून त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांतले दिवे रात्री उशिरापर्यंत, पुष्कळदा रविवारीही, चालू असतात.